खिळ्याने लिहिलेलं नाव

शिडी कमानीला टेकवून ती वर चढली आणि खरवडायची पट्टी तिने पाटीच्या अगदी शेवटी, उजव्या कोपऱ्यात लावली. खालून पार्कचा मालक म्हणाला, "ताई, पहिल्या अक्षरापासून घ्या ना. नाव पुसायचंय, कोपरा नाही."

"कळलं," ती म्हणाली आणि कोपराच खरवडू लागली.

पाटीवर हातभर उंच अक्षरांत 'भिरभिरनगर' होतं. याच नावाचा पिक्चर अकरा वर्षांपूर्वी आला होता आणि भलताच चालला होता. आता त्याचा दुसरा भाग निघत होता. पिक्चरवाल्यांच्या वकीलबाई पार्क उघडायच्या आत दारात हजर झाल्या होत्या. पार्कने नाव पिक्चरवरून उचललंय आणि ते आजच्या आज उतरलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. मालकाने पार्क विकत घेऊन जेमतेम दोन वर्षं झालेली. पाटी कधीची, हे त्याला सांगता येईना. जुने कागद गोदामातला नळ फुटला तेव्हा भिजून लगदा झाले होते. वाद नको म्हणून त्याने मुकाट्याने पेंटरला फोन लावला.

फोन मुलीने उचलला होता. "बाबा गेले. दोन महिने झाले." मग तिनेच विचारलं, "काम काय होतं?"

बाबांची पेटी आता शिडीच्या पायरीला अडकवलेली होती. त्यांनी रंगवलेल्या शहरातल्या बाकी सगळ्या पाट्या एकेक करून फ्लेक्सखाली गेल्या होत्या. ही तेवढी उरली होती.

रंगाचे पापुद्रे सुटत होते. निळा, त्याखाली पिवळा, त्याखाली पुन्हा निळा.

"तुम्ही नक्की काय शोधताय?" वकीलबाईंनी विचारलं.

"बाबांची एक सवय होती. कोऱ्या पत्र्याला रंग लावायच्या आधी खिळा घ्यायचे आणि कोपऱ्यात पाटीचं नाव आणि साल ओरखडून ठेवायचे. म्हणायचे, रंगाचा भरवसा नाही, पत्रा लक्षात ठेवतो."

"प्रत्येक पाटीवर?"

तिची पट्टी थांबली. "मी पाहिल्या त्या प्रत्येक पाटीवर. ही लागली तेव्हा मी शिकायला बाहेर होते."

"आणि नसलंच तर?"

"तर पहिल्या अक्षरापासून सुरू करते."

मालक चुळबुळत उभा होता. "काय हो मॅडम," त्याने वकीलबाईंना विचारलं, "तुमच्या दिग्दर्शकांना हे नाव सुचलं कुठून?"

"त्यांच्या स्वप्नात आलं होतं. मुलाखतीत सांगितलंय त्यांनी."

"झोपायच्या आधी इथून गेले असतील."

वकीलबाई हसल्या नाहीत.

पत्रा उघडा पडला. अंगठ्याएवढा, मग तळहाताएवढा. कोरा. तिने शिडीवर पाय बदलला. या कामाला म्हणे तीन दिवसच मिळाले होते, रात्री बॅटरीच्या उजेडात अक्षरं भरली होती. अशा घाईत खिळ्याची कुणाला आठवण राहते? तिने आणखी चार बोटं खरवडलं. मग पट्टीचं टोक कशात तरी अडलं.

तिने फडकं टर्पेंटाइनमध्ये बुडवलं आणि हलक्या हाताने फिरवलं. आधी एक वेलांटी दिसली. मग सगळं नाव, बोटभर उंच, आणि त्यापुढे साल. पिक्चरच्या पाच वर्षं आधीचं.

खाली उतरून तिने शिडी धरली. वकीलबाईंनी चपला काढल्या आणि त्या स्वतः वर चढल्या. बराच वेळ बघत राहिल्या. एका ओरखड्यावरून त्यांनी नख फिरवलं.

"सगळ्यात खालचा निळा या चरांमध्ये बसलाय," त्या म्हणाल्या. "नंतर कुणी कोरलं असतं तर चर कोरडे असते." त्यांनी फोटो घेतला. दोनदा घेतला. "मी तसं कळवते. ही पाटी उतरणार नाही."

मालकाला एकदम बळ आलं. "उतरणार नाही म्हणजे? आता आम्हीच दावा ठोकतो तुमच्यावर."

"राहू द्या," ती म्हणाली. "बाबांनी तो पिक्चर दोनदा पाहिला होता. दुसऱ्यांदा फक्त सुरुवातीची नावं बघून उठून आले. म्हणाले, पिक्चर झकास आहे, पडद्यावरची पाटी मात्र घाईत रंगवलीय."

या वेळी वकीलबाई हसल्या. गाडीत बसेपर्यंत हसतच होत्या.

ती परत वर चढली. पेटीच्या तळाशी, चिंधीत गुंडाळलेला, टोक झिजलेला खिळा होता. बाबांच्या ओळीखाली तिने या वर्षाचं साल ओरखडलं. मग अस्तराच्या रंगाचा डबा उघडला.

"अहो, झाकता कशाला?" मालक म्हणाला. "तिथे काच बसवू. येणारे-जाणारे बघतील."

"हे बघण्यासाठी लिहिलेलं नव्हतं."

तिने ब्रश फिरवला. रंगाच्या एका हातात दोन्ही ओळी पुसट झाल्या, दुसऱ्या हातात दिसेनाशा.

"बरं, मग त्यावर बाबांचं नाव तरी घाला," तो म्हणाला. "चांगलं मोठं. लोकांना लांबून दिसेल असं."

तिने ब्रश डब्याच्या काठावर निथळवला आणि मान वर करून पाटी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली.

"एवढं मोठं लिहिलंय की," ती म्हणाली. "दिसत नाही का?"