पायांवर पाणी

रोह्याच्या त्या संस्थेच्या दारात दिपिका अडून उभी राहिली. सव्वीस वर्षांची बाई, पण पाय असे रोवले की बैलजोडीनं हलणार नाही. आत स्वमग्न मुलींची राहायची सोय होती. तिला मात्र ‘फिरायला जाऊ’ असं सांगून आणलं होतं. फिरायला कुणी कपड्यांची पेटी घेऊन जातं का, असं विचारायची तिची रीत नव्हती.

सुशील, तिचा थोरला भाऊ, तयारीनं आला होता. कासूच्या घरून निघतानाच त्यानं पिशवीत तांब्या टाकला होता आणि पाण्याची बाटली. बाहेरून आलेल्या माणसाला पायांवर पाणी घालूनच घरात घ्यायचं, ही त्यांच्या आईची शिस्त. पाणी घालताना आई एक ओळ गायची आणि शेवटचा शब्द दिपिकासाठी सोडायची. तो शब्द गाऊन मगच दिपिका उंबरा ओलांडायची.

आई गेली तेव्हा तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. ‘हिला काय कळतंय,’ असं म्हणून लोक मोकळे झाले. तेरा दिवस ती तीच ओळ गात होती, शेवटचा शब्द गाळून. ते तिचं रडणं आहे हे घरात एकट्या सुशीलला कळलं होतं. म्हणून तर आजची ही युक्ती दुसऱ्या कुणाला सुचलीच नसती.

“दिपे, पाय पुढं कर गो.”

त्यानं पाणी घातलं आणि आईच्या चालीत ओळ धरली, “खाडीवरनं आली गो, आली माझी दिपा...”

भीती वाटली की दिपिका एकाच सुरात घुमत राहायची. सकाळपासून चाललेलं ते घुमणं थांबलं. खांदे सैल पडले.

“घरा,” ती गायली, उंच आणि स्वच्छ. आणि आत गेली.

सुशीलचा जीव भांड्यात पडला. चपला बाहेर काढून त्यानं पेटी आत सरकवली आणि मागे फिरून पायरीवर आला.

आत सहा खाटा होत्या. एका खाटेवर दिपिकाची गोधडी होती, सुशीलनं आधीच पाठवून दिलेली. गोधडी पाहून दिपिका दाराशी परतली.

“दादा, घर नाय.”

“चार दिवस गो. माझी कंपनीत शिफ्ट हाय, तुझी वहिनी एकटी किती करंल?”

“चार दिवस सांगू नका,” संस्थेच्या ऋतुजाताई हळूच म्हणाल्या. “ती खरं धरते.”

माणसं शब्दांनी खोटं बोलतात, हे दिपिकाला केव्हाचं ठाऊक होतं. शब्दांचं तिला काही वाटायचंही नाही. पण आईची ओळ कुणी खोटी गाऊ शकतं, हे तिला आज कळलं. आणि गाणारा दादा होता.

ती ओरडली नाही. दाराशी राहिलेला तांब्या तिनं उचलला. तळाशी थोडं पाणी होतं. वाकून तिनं ते सुशीलच्या अनवाणी पायांवर घातलं आणि गायला लागली, आईच्याच चालीत, एकही सूर न चुकता.

“खाडीवरनं आला रे, आला माझा दादा...”

आणि थांबली.

“काहीतरी म्हणा हो,” ऋतुजाताई म्हणाल्या. “ती थांबलीय.”

सुशीलनं तोंड उघडलं. रिकामा तांब्या हातात धरून दिपिका त्याच्या ओठांकडे बघत राहिली.