भावकीतला एक

"आपल्यापासून नाशिक जेवढं लांब, साधारण तेवढ्याच अंतरावर क्युबापासून अमेरिका," असं म्हणत केसरीनाथ सरांनी फळ्यावर दोन गोळे काढले. एक केवढा तरी मोठा, दुसरा चिंचोक्याएवढा. "मधे फक्त समुद्र."

रविवारची सकाळ होती. अंजूरच्या पलीकडच्या त्या खाडीकाठच्या गावात, देवळाच्या सभागृहात, पन्नासेक माणसं बसली होती. क्युबाचा म्हातारा पुढारी खुर्चीवरून उतरल्याची बातमी नुकतीच पेपरात आली होती, म्हणून वाचनालयाच्या वर्धापनदिनाला हा विषय ठरला. भिवंडीच्या कॉलेजात इतिहास शिकवणारे गावात केसरीनाथ एकटेच. त्यांच्याशिवाय बोलणार कोण?

आणि सर बोलत छान होते. क्रांती झाली आणि सरकारनं जमीनदारांच्या, अमेरिकेच्या साखर कंपन्यांच्या जमिनी काढून घेतल्या, हे ऐकून पहिल्या रांगेतले गोदामवाले जरा सावरून बसले. शहरातली पोरंपोरी कंदील घेऊन खेड्यांत गेली आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांना लिहायला-वाचायला शिकवून आली, यावर बायकांनी टाळ्या वाजवल्या. सगळंच काही गोड नव्हतं. विरोधात बोलणारे तुरुंगात गेले, कितीतरी माणसं होडीत बसून देश सोडून पळाली, हेही सरांनी लपवलं नाही.

"मग अमेरिकेनं क्युबाची आर्थिक नाकेबंदी केली."

समोरचे चेहरे कोरे. सरांनी सोपा शब्द शोधला आणि तो चटकन सापडला.

"म्हणजे असं बघा, वाळीत टाकलं. यांची साखर घ्यायची नाही, यांना माल द्यायचा नाही, यंत्राचा साधा पार्टसुद्धा नाही. आजूबाजूचे देश, एका भाषेचे, सख्ख्या भावकीतले म्हणा ना, त्यांनीही एकामागून एक बोलणं तोडलं."

आता सगळ्यांना समजलं. इतकं समजलं की सगळ्यांच्या नजरा फळ्यावरच खिळल्या. मागं वळून कुणीच बघितलं नाही, कारण मागं, दाराशी, पुतळाबाई बसली होती.

गोदामांचा नवा रस्ता तिच्या शेतातून न्यायचा होता आणि ती जमीन विकायला तयार नव्हती. गावकीनं तिला वाळीत टाकलं. तिच्याशी जो बोलेल तोही वाळीत, असा ठराव झाला. मीठसुद्धा ती दुसऱ्या गावाहून, काल्हेरहून आणायची. सरांचं घर तिच्यापासून दोन घरं सोडून. ठरावाच्या बैठकीत त्यांचीही मान हललीच होती.

आपल्याच तोंडून निघालेल्या शब्दाची सरांना लाज वाटली. त्यांनी उरलेलं भाषण घाईनं गुंडाळलं.

"कुणाला काही विचारायचंय?"

पुतळाबाई उठली.

"केसरी, मना येक इचारायचा हाय."



"तो मोठा देश तसाच, ता मना कलला. पन भावकीनं बोलना तोडला म्हनतोस, ता सगल्यांनी? एकानं तरी बोलना चालू ठेवला का न्हाय?"

इतका नेमका प्रश्न कॉलेजात सरांना आजवर कुणी विचारला नव्हता. उत्तर जिभेवर होतं. एका शब्दाचं. त्यांनी तोंड उघडलंही. तेवढ्यात पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसलेला सावळाराम दिसला. ठराव त्यानंच मांडला होता. अक्षयतृतीयेला सरांच्या लेकीचं, उन्नतीचं लग्न होतं. गाव आलं नाही तर मांडव कोण घालणार, हळद कोण लावणार, वऱ्हाडापुढे हात जोडून उभं कोण राहणार?

सरांनी तिच्या डोक्यावरून मागच्या भिंतीकडे बघितलं.

"अजून कुणी?"

पुतळाबाई जराशी थांबली. मग पदर सारखा केला, पायात चपला सरकवल्या आणि निघून गेली. एवढी पुस्तकं वाचलेला माणूस, आणि एका बाईला एक शब्द देता येऊ नये! फळा पुसायचं निमित्त करून त्यांनी सगळ्यांकडे पाठ फिरवली.

आभारप्रदर्शन झालं, चहा आला, बटाटेवडे आले. सावळाराम ताटली घेऊन सरांच्या शेजारी येऊन बसला.

"लय बेस बोललास, केसरी." त्यानं इकडंतिकडं बघून आवाज उतरवला. "पन सांग ना, ती इचारत व्हती त्याचा उत्तर काय?"

"मेक्सिको."

"एकच?"

"एकच. सगळ्यांनी तोडलं, त्यानं नाही तोडलं. बोलत राहिला."

सावळारामचा घास हातातच राहिला. त्याला मनापासून नवल वाटत होतं.

"मंग? अमेरिकेनं त्याला काय केला? त्यालाबी वालीत टाकला?"

सरांनी दाराकडे बघितलं. दारात आता कुणी नव्हतं.

"न्हाय," ते म्हणाले. कॉलेजात जाऊन सुटलेली घरची बोली कशी कोण जाणे तोंडात आली. "त्याला काय केला न्हाय."

सावळारामनं मान डोलावली आणि आपल्या हातानं आणखी एक वडा सरांच्या ताटलीत ठेवला.

सरांनी तो खाल्ला.