पालथी पाटी

भरल्या वांग्यांपुढची ‘यात दाण्याचं कूट आहे’ ही पाटी वरमाईंनी तिसऱ्यांदा पालथी घातली. “लग्न आहे, दवाखाना नव्हे!”

केटररबाईंनी ती तिसऱ्यांदा उभी केली. शंभर वरमाया पचवल्या होत्या त्यांनी. “दाण्यांनी नवरीचा श्वास अडतो, बाईसाहेब. जिवावर बेततं.”

“माहेरचे नखरे! एका घासाने कोणी मरत नाही.” वरमाईंनी वांग्याचा घास थेट मुलाच्या हातात दिला. “भरव रे तिला, नाव घेऊन.”

मोबाइल उंचावले. केटररबाईंनी नवरदेवाचं मनगटच धरलं. “कूट आहे त्यात.”

“तुम्ही वाढायचं बघा!” वरमाई कडाडल्या.

नवरदेवाने आईकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि घास स्वतःच्याच तोंडात टाकला. केटररबाईंना हसू आलं, नवरीला नाही. तिने खुर्ची हातभर मागे सरकवली.

“आधी हात धू, तोंड धू. मग माझं नाव घे.”