झाकणाचा लाल कप

“घुबड कशाला गं? अपशकुनी मेलं,” थोरली जाऊ म्हणाली.

“रात्रपाळीच्या सिस्टरला द्यायचंय. तिला अगदी शोभतं,” धाकटी म्हणाली आणि टूथब्रशने घुबडाच्या पोटावर पिसं उठवू लागली.

धाकटी इस्पितळात नर्स होती. नाताळ आठवड्यावर आला होता आणि झाडावर टांगायला प्रत्येक मैत्रिणीला ती स्वतःच्या हाताने काहीतरी करून देणार होती. टेबलावर पॉलिमर क्लेच्या रंगीत वड्या पसरल्या होत्या. ही माती मळून मऊ करायची, आकार द्यायचा, वर तारेची कडी खोचायची आणि ओव्हनमध्ये अर्धा तास भाजायची. ओव्हन थोरलीचा. तीस वर्षांत त्यात कधी माती गेली नव्हती, म्हणून ती पहाऱ्याला बसली होती.

वॉर्डात सतत धावणारीसाठी बूट झाला. फोन कानापासून न हलवणारीसाठी पोपट झाला.

“जिला द्यायचं तिचं काहीतरी त्यात दिसायला हवं,” धाकटी म्हणाली. “नाहीतर विकतचे काय कमी मिळतात? ताई, माती उरलीय बघा. तुम्हीही करा एखादं, तुमच्या मैत्रिणीसाठी.”

“मला कुठला आलाय वेळ,” थोरली म्हणाली.

धाकटी ड्यूटीवर गेली. थोरलीने आधीच स्वच्छ असलेला ओटा पुन्हा पुसला. मग टेबलाशी बसून ती बोटं मोजू लागली. नणंद. दोन विहिणी. मावसबहीण. तिच्या जावा. नाती पोतंभर होती, पण मैत्रीण म्हणावी तर औषधालाही सापडेना. हे इतक्या वर्षांत तिच्या कधी लक्षातच आलं नव्हतं. तिने बोटं पुन्हा पहिल्यापासून मोजली.

कोपऱ्यावरची लाँड्रीवाली तिला बऱ्याच वेळाने आठवली.

अकरा वर्षं दर गुरुवारी ती चादरी आणि शर्ट घेऊन तिथे जात होती. कपडे टाकायला पाच मिनिटं पुरतात. ती तासभर बसायची. लाँड्रीवालीचा डावा गुडघा दुखतो हे तिला ठाऊक होतं. मुलगी गणितात दोनदा नापास होऊन तिसऱ्यांदा पास झाली तेही ठाऊक होतं. रागावली की ती कॉलरवरून इस्त्री जरा जास्तच दाबून फिरवते, आणि चहा मागवला की कप शर्टांच्या मागे ठेवून विसरते. गरम चहा पिताना तिला थोरलीने एकदाही पाहिलं नव्हतं.

याला मैत्री म्हणायचं का, ते कोणाला विचारायचं?

तिने लाल वडी उचलली. पहिल्या खेपेला बादली झाली. दुसऱ्या खेपेला कानवाली विहीर. तिसऱ्यांदा कप जमला. त्यावर तिने पांढरं झाकण केलं, पण बोटांचा लाल रंग लागून ते गुलाबी झालं. असू दे, म्हणत तिने कडी खोचली आणि कप ओव्हनमध्ये ठेवला. मग दुधावर नजर ठेवावी तशी ती अर्धा तास ओव्हनच्या काचेसमोर बसून राहिली.

गुरुवारी तिने कपड्यांच्या आधी कागदाची पुडी काउंटरवर ठेवली. लाँड्रीवालीने इस्त्री उभी केली आणि पुडी सोडली.

“झाकण आहे त्याला,” थोरली घाईघाईने म्हणाली. “तुमचा चहा रोज गार होतो म्हणून.”

लाँड्रीवालीने कप सगळीकडून फिरवून पाहिला. झाकणाला नख लावून बघितलं.

“उघडत नाही हो हे.”

“नाहीच उघडत. उघडलं की वाफ जाईल.”

लाँड्रीवाली हसू लागली. हसता हसता तिला टेबलाचा आधार घ्यावा लागला. मग हँगरवरचे शर्ट तिने एका बाजूला सारले आणि टेबलावरच्या दिव्याच्या वायरीला कप टांगला.

“झाडावर नाही लावणार?” थोरलीने विचारलं.

“झाड घरी. दिवसभर मी इथे.” तिने बोटाने कपाला हलकेच झोका दिला. “संध्याकाळी मुलगी येईल. विचारेल, कोणी दिलं.”

तिने मागच्या फळीवरून थोरलीचं धुतलेल्या कपड्यांचं गाठोडं काढलं. त्याला टाचलेल्या चिठ्ठीवर जाड पेनने लिहिलं होतं, ‘गुरुवारच्या बाई’.

“इतकी वर्षं हेच लिहीत आलेय,” ती जरा ओशाळून म्हणाली. तिने ते खोडलं आणि पेन तसंच धरून ठेवलं. “नाव काय हो तुमचं?”

थोरलीने सांगितलं. लाँड्रीवालीने ते सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं.

“आणि तुमचं?” थोरलीने विचारलं.