मास्तर बसले

चिकलठाण्याच्या अलीकडं, भर उन्हात, दत्तोपंत मास्तर पंक्चर सायकल ढकलत चालले होते. काकासाहेबांनी प्रचाराची उघडी जीप थांबवली.

"मास्तर, बसा. गावात सोडतो."

"अरे, मी तुझ्याविरुद्ध उभा आहे."

"म्हणून उन्हात मरायचं व्हय? बसा."

बासष्टची निवडणूक होती. काकासाहेबांच्या अशा चार जिपा फिरत होत्या, शहरात गुलमंडीवर त्यांच्या नावानं रोज पंगती उठत होत्या. मास्तरांकडं ही एक सायकल. पण निजामाच्या शाळेत सगळं उर्दूतून चालायचं, तेव्हा काकासाहेबांच्या हाताला धरून मराठी मुळाक्षरं गिरवून घेतली ती याच मास्तरांनी.

सायकल मागं टाकून जीप गावात शिरली अन् पारावर एकच गलका झाला.

"मास्तर बसले! काकासाहेबाच्या जिपीत आले, म्हंजी अर्ज मागं घेतला की!"

साळूबाई गर्दीतून पुढं आली. मास्तरांच्या प्रचारासाठी तिनं घरोघर हिंडून पसापसा ज्वारी जमवली होती.

"कितीला बसले, मास्तर?"

मास्तर बोलू लागले, पण त्यांचा बारीक आवाज गलक्यात कुणाला ऐकू जाईना. ड्रायव्हर कारभारी काकासाहेबांच्या कानाशी लागला.

"मालक, गप ऱ्हावा. आपण कुठं काय म्हणलो? लोकच म्हणायलेत. चार जिपांनी झालं नसतं ते झालं."

खरंच होतं. नुसते हात जोडून हसले असते तरी भागलं असतं. काकासाहेबांनी मागं वळून पाहिलं. साळूबाईपुढं म्हातारा मान खाली घालून बसला होता. धोतराचा सोगा मुठीत गच्च धरलेला.

काकासाहेबांनी जिपीवरच्या भोंग्याचा माईक उचलला.

"ऐका! मास्तर बसले नाहीत. त्यांच्या सायकलचं टायर बसलंय. मास्तर उभे आहेत, माझ्याविरुद्ध. अन् या माणसाला इकत घ्यावं एवढा पैसा आमच्या सात पिढ्यांत नाय."

लोक हसले. साळूबाईनं पदरानं डोळे पुसले.

"मग उभं ऱ्हावा की, मास्तर. दिसू द्या लोकाला."

मास्तर उठले. जिपीचा दांडा धरून ताठ उभे राहिले.

पुढच्या गावात काकासाहेबांची सभा खोळंबली होती, अन् मास्तरांच्या सायकलचं पंक्चर काढणाराही तिथंच होता. कारभारीनं जीप भरधाव सोडली.

"मास्तर, आता तरी टेका," काकासाहेब म्हणाले.

"मतदान होईस्तोवर नाही."

रस्ता खड्ड्यांचा होता. काकासाहेबांनी कारभारीच्या खांद्यावर हात ठेवला.

"हळू घे. मास्तर उभे आहेत."