रनीमचे बारा आठवडे

"चावू नका बाबा. नुसतं जिभेवर ठेवा," रनीम म्हणाली.

फव्वाझने ऑलिव्ह तोंडात तसंच धरलं. समोर टेकवलेल्या फोनमधून एका बाईचा संथ आवाज येत होता. चव कुठून सुरू होते ते बघा, म्हणे. जॉर्डनमधल्या इर्बिद-अम्मान रस्त्यावर सत्तावीस वर्षं स्वतःची बस चालवलेला माणूस तो. न्याहारीला सात-आठ ऑलिव्ह बोलता बोलता संपवायचा. पण पोरीसाठी गप्प बसला.

रनीमच्या आईला जाऊन वर्ष झालं होतं. ही एकुलती एक, विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला. एके दिवशी जेवताना तिने सांगितलं, की तरुणांच्या मदत केंद्रात नाव घातलंय. बारा आठवडे, फोनवर रोज वीस मिनिटं. फक्त घरातलं कुणीतरी सोबत बसायला हवं. फव्वाझला वाटलं, पोरगी आईमागे खचली आणि आपल्याला पत्ता नाही.

तसा तो तिला सोडून कुठे जात नव्हताच. बस भाच्याच्या हवाली केली होती. पत्त्यांचा अड्डा बंद, लग्नकार्यं बंद. कुणी विचारलं तर म्हणायचा, पोरीला एकटं टाकून कुठे जाऊ? ती विद्यापीठात गेली, तरी हा परत येईपर्यंत खिडकीशी बसून असायचा.

तिसऱ्या प्रहरी, अस्रच्या नमाजानंतर दोघं सतरंजीवर बसत. डोळे मिटायचे, श्वासाकडे लक्ष द्यायचं. शेवटी फोन विचारायचा, किती झोपलात, काय खाल्लंत. रनीम आधी त्यालाच विचारायची. सोबत्याचंही भरावं लागतं, म्हणायची.

"किती झोपलात?"

"दोन तास. तू?"

"मीही थोडीच."

रनीमचा बाप म्हणून फव्वाझला सगळे अबू रनीम म्हणत. शेजारच्या अबू समीहला हे कळलं तेव्हा तो पोट धरून हसला. "अबू रनीम, डिझेल मोजायचं सोडून श्वास मोजायला लागलास?"

"पोरीचं औषध आहे ते," फव्वाझने शांतपणे सांगितलं.

चौथ्या आठवड्यात त्या आवाजाने सांगितलं, ज्याची आठवण येते त्याला आज दूर लोटू नका, जवळ बसू द्या. फव्वाझला रडू कोसळलं. बायकोचा जनाजा उचलला तेव्हाही त्याच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. रनीमने त्याचा हात धरला. फोन मात्र बंद केला नाही.

दुसऱ्या दिवशी तो ओशाळून बसला होता. तिला धीर द्यायचा, तर आपणच कोलमडलो. रनीम म्हणाली, उलट त्यामुळे मला मोकळं वाटलं. केंद्रातल्या हनादीताईही तेच म्हणाल्या.

त्या आठवड्यात एका सकाळी तो थेट स्वयंपाकघरात आला. "पाच तास," म्हणाला. रनीमने नुसती मान हलवली आणि एकच कप बराच वेळ विसळत राहिली.

मग आठ तास झाले. अड्ड्यावर एक डाव झाला. नवव्या आठवड्यात रनीम म्हणाली, "बाबा, तुम्ही माझ्यासाठी घरात अडकून पडता, त्याचंच मला ओझं होतं." झालं, त्याने भाच्याकडून किल्ली मागून घेतली.  पहिल्या फेरीला वाटेतलं जराश गाव येईपर्यंत त्याने श्वासच मोजले. पुढे रस्ता आपोआप आला.

बारावा आठवडा संपला त्या दिवशी तो कुनाफ्याच्या मिठाईचं ताट घेऊन एकटाच केंद्रात गेला. हनादी पन्नाशीची, कमी बोलणारी बाई होती. तिने चहा ओतला.

"माझी मुलगी तुम्ही मला परत दिलीत," फव्वाझ म्हणाला. "हसते, जेवते. तुमचे उपकार कसे फेडू?"

हनादीने कप खाली ठेवला. 

"अबू रनीम, तुम्ही पुन्हा बस चालवायला लागलात की एक कागद तुम्हाला दाखवायचा, असं रनीमनेच मला सांगून ठेवलंय."

तिने कपाटातून पहिल्या दिवशीचा अर्ज काढून त्याच्यापुढे ठेवला. अक्षर रनीमचंच होतं. 'तुम्हाला काय त्रास होतो?' या प्रश्नाखाली तिने लिहिलं होतं:

"मला रडू येतं, पण मी झोपते, जेवते. बाबा झोपत नाहीत. स्वतःसाठी ते कुणाकडेही जाणार नाहीत. माझ्यासाठी रोज बसतील."