सगळ्या कॉलममधला केस

आमच्या बिस्किट कंपनीच्या तक्रारी एक्सेलमध्ये साफ करायचं घाणेरडं काम माझ्या गळ्यात पडलं. तक्रारी इंग्रजीत. केस निघाल्याचं कुणी मोठ्या अक्षरांत ओरडून लिहिलेलं, कुणी लहान अक्षरांत.

"केस हा शब्दच उडव," साहेब म्हणाले. "अक्षरं लहान असोत, मोठी असोत, सगळ्या कॉलममधून. वरच्यांना शीट स्वच्छ दिसली पाहिजे."

मी बटण दाबलं. 'बिस्किटात निघाला', 'बाळाच्या घशात अडकला', अशा अर्थाचं इंग्रजी तेवढं उरलं.

मी चहाचा घोट घेतला आणि जिभेला काहीतरी चिकटलं. चिमटीत धरून ओढलं, तर लांब, राठ केस. त्यामागून दुसरा, जावळासारखा मऊ. मी ओढत गेले आणि घशातून ओला गुंता वर येत गेला, आंबलेल्या दुधाच्या वासाचा. शी! बोळा रुमालात कोंबला.

साहेब मागे उभे होते. "झकास! आता तसाच 'दात' पण उडव."

"नको, साहेब."

"अगं, त्यात काय एवढं?" म्हणत त्यांनीच हात पुढे घालून बटण दाबलं.

माझ्या जिभेवर काहीतरी टणक, इवलंसं आलं. मी घाबरून जीभ फिरवली.

माझे दात सगळे जागेवर होते.